ओल्या लाकडाची साक्ष

सोलापूरला मी एका वकिलांकडे कारकून असताना करमाळ्याकडचा एक सुतार आमचा अशील होता. सात रस्त्याजवळच्या बंगल्यात त्याने सागवानी फळ्यांची जमीन बसवली होती. पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगून वर आल्या, मालकाची म्हातारी आई अडखळून पडली आणि अंथरुणाला खिळली. मालकाने दावा लावला.

सुतार अबोल होता. कोर्टाच्या व्हरांड्यात बसला, की बाकाचे सांधे तळव्याने चाचपत राही. वकिलांनी त्याला पढवलं होतं, "म्हातारीच रोज पाणी सांडायची, असं सांग."

साक्षीच्या दिवशी मुलाने आईला खुर्चीतून उचलून आणलं. तिच्याकडे बघत सुतार म्हणाला, "लाकूड वलं हुतं, साहेब. मला ठावं हुतं. काम हातचं जाईल म्हणून थांबलो न्हाय."

दावा आम्ही हरलो. पुढे त्याला कुणी काम देईना. एकदा भवानी पेठेत तो सुताची गाठोडी वाहताना दिसला. मी म्हटलं, "खरं बोललात, तेवढं तरी समाधान."

ओझं न उतरवताच तो म्हणाला, "कशाचं, भाऊसाहेब? म्हातारी काय चालाय लागली न्हाय."