गेम बंद केल्यावर

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत मीटिंग होती. आदल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या चार-पाच पोरांनी कोयते नाचवत गाड्या फोडल्या होत्या... त्यात आमचीही एक. काचांचा तो आवाज अजून कानातून जात नाही.

मुलांना यापासून लांब कसं ठेवायचं, असा विषय होता, म्हणून मागच्या गल्लीतल्यांनाही बोलावलं होतं. पुणेकराच्या हातात माइक आला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको... मीही बोललो. दिवसभर मोबाईलवर माणसं मारणारी मुलं उद्या रस्त्यावर तेच करणार, म्हणून माझ्या ईशानचा फोन मी महिन्यापूर्वीच काढून घेतलाय, हे ऐटीत सांगितलं. टाळ्याही पडल्या.

मागून एक बाई उठल्या. गाड्या फोडणाऱ्यांत त्यांचा मुलगा होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"दादा, माझ्या पोराकडं मोबाईलच नव्हता," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं कामाला. घरात एकट्याला करमायचं नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीपाशी जाऊन उभा राहायचा. तिथं मोठी पोरं त्याला नावानं हाक मारायची... त्याला तेच भारी वाटलं."

फोन गेल्यापासून ईशान रोज संध्याकाळी खाली जात होता, आणि मी खराडीच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत वर आलेला असायचा. तेरा वर्षांचा मुलगा बाहेर खेळतोय म्हणून मी खूश... कुठे, कोणाबरोबर, एकदाही विचारलं नव्हतं.

मीटिंग अर्धी टाकून निघालो. पार्किंगमध्ये नाही, ग्राउंडवर नाही. फोन करावा तर तो माझ्याच कपाटात.

तो त्याच टपरीच्या बाकावर सापडला. दोन्ही बाजूंना मिसरूड फुटलेली पोरं, एकाचा हात त्याच्या खांद्यावर. मी आधी ईशानच्या हातात काय आहे ते बघितलं. क्रीमरोल होता.

तरी जीव भांड्यात पडला नाही... कारण तो खळखळून हसत होता. घरात तो महिनाभर असा हसलेला नव्हता.

ओरडलो नाही. "चल रे, जेवायला," एवढंच म्हणालो. त्याने आधी त्या पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि मग उठला. तेवढ्या वेळात मी जितका घाबरलो, तितका काचा फुटल्या तेव्हाही घाबरलो नव्हतो.

फोन परत दिलाय, गेमसकट. रोज थोडा वेळ मीही शेजारी बसून खेळतो... लगेच मरतो, आणि ईशान कपाळाला हात लावतो. ती मारामारी मला अजूनही आवडत नाही, पण निदान ती बघायला आम्ही दोघं असतो.

टपरीवरच्या त्या पोरांची नावं विचारून घेतलीत. जाता-येता हाक मारतो... खरं सांगतो, घाबरतच मारतो.

आणि त्या बाई... भर हॉलमध्ये, ज्यांच्या गाड्या फुटल्या त्यांच्यासमोर उभं राहायला त्यांना किती बळ लागलं असेल. त्या बोलल्या म्हणून मी वेळेवर पोचलो. टाळ्या मात्र मला मिळाल्या होत्या.