हरणाचा एक धड फोटो

झाडाला कॅमेरा बांधून आपण घरी आलो की मागे काय काय घडतं, हे सांगत बसलो तर स्टाफरूममधला चहा तीनदा गार होतो. मी कडा गावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मला आणि आमच्या देशमुख सरांना दोन वर्षं एकच नाद आहे. माळावरच्या सिमेंटच्या पाणवठ्यावर चिंकारा हरणं पाणी पितात, याचा एक फोटो! तो दाखवला तरच उन्हाळ्यात तिथं पाण्याचा टँकर येणार. वनखात्याच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं, "हरणं आहेत म्हणता ना? मग दाखवा!"

* * *

हा कॅमेरा समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. पहिलं कार्ड उघडलं तर साडेतीन हजार फोटो! आम्ही पेढे आणायच्या बेतात. बघतो तर सगळे गवताचे. वारा सुटला की गवत हलायचं, गवत हललं की फोटो निघायचा.

देशमुख सर चष्मा पुसत म्हणाले, "वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना देऊन टाका."

* * *

गवत कापलं, तर दुसऱ्या कार्डात शेळ्या. एकीने लेन्स चाटलेली, अकरा फोटोंत नुसती जीभ! शेळ्या साहेबराव मामांच्या. मामा साठीचे, पूर्वी रोजगार हमीच्या कामावर मुकादम होते. त्यांना एवढंच सांगितलं, "मामा, कॅमेऱ्यापुढून शेळ्या नेऊ नका."

नेल्या नाहीत. पुढच्या कार्डात रोज सकाळी मामा एकटेच हात जोडून उभे. एकोणीस दिवस, एकोणीस रामराम!

"मामा, हे काय?"

"आवो सर, तुमी नंतर बगनार हे ठावं हाय. मंग वळख न दिल्यावानी जाऊ व्हय?"

* * *

गावाला हागणदारीमुक्तीचं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यात लांब भाषण ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांनी ठोकलं होतं. तेच सदस्य पहाटे आमच्या कॅमेऱ्यात, हातात टमरेल. फोटो इतका शार्प की हरणाचा असता तर मी फ्रेम केला असता!

आम्ही कार्ड काढून नेल्याचं कळताच संध्याकाळी ते घरी आले. मी त्यांच्यासमोर फोटो डिलीट केला. उठता उठता म्हणाले, "सर, कॅमेऱ्याचं तोंड कुनीकडं हाय तेवढं सांगत जा. मी दुसरीकडं बसंन!"

* * *

मग एकदाचं हरीण मिळालं. म्हणजे हरणाचं ढुंगण. बाकीचं फोटोच्या बाहेर! मी आनंदाच्या भरात ते गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या दिवशी स्टँडवर भलामोठा फ्लेक्स. हात जोडलेले आमचे नेते, शेजारी ते ढुंगण, खाली अक्षरं: 'भाऊंच्या अथक प्रयत्नांतून माळावर हरणांचे आगमन!'

तोच फोटो साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, "हे कुत्रंही असेल."

मी चिडून म्हणालो, "साहेब, फ्लेक्सवर हरीण लिहिलंय!"

* * *

शेवटी साहेबांनी सोमवारची मुदत दिली. पाणवठ्यात बोटभर पाणी उरलेलं. टँकर आला नाही तर ही जनावरं मरतील, या विचाराने मला अन्न गोड लागेना. देशमुख सरांनी आणि मी दोन ड्रम पाणी नेऊन ओतलं, कॅमेरा नव्याने बांधला आणि मामांना गाठलं. "मामा, सोमवारी पाणवठ्याचा फोटो ऑफिसात द्यायचाय. चांगला आला नाही तर टँकर विसरा. चार दिवस लक्ष ठेवा."

"काळजीच सोडा," मामा म्हणाले.

सोमवारी सकाळी माळावरच कार्ड लॅपटॉपला लावलं. पाणी नितळ. भोवतालची जमीन झाडलेली, कडेने चुन्याची रेघ. आणि दर फोटोत काठी घेऊन मामा! हरीण एकही नाही. देशमुख सर पुन्हा पहिल्या फोटोपासून बघू लागले.

"मामा, चार दिवसांत पाण्यावर काहीच आलं नाही?"

"येतंय कसं! म्या जागचा हाललोच न्हाई." मामा लई खूश. "आमच्या येळंला कामाच्या फोटूत एक जनावर दिसलं तरी सायेब फोटू माघारी धाडायचे. हितं चार हरनं रोज सांजच्याला यायची, संगं पिल्लू बी व्हतं. दगडं मारून मारून पार डोंगरापातूर पिटाळली बगा!"