इओपूची बॅट आणि घराची तुळई

माझा धाकटा भाऊ इओपू देवभीरू आहे, कष्टाळू आहे, बायकोला उलटून बोलत नाही. वेड एकच, आमच्या गावठी क्रिकेटची ती तीन धारांची लांबलचक बॅट. आमच्या सामोआत ज्याची बॅट त्याच्याच हातात बसते, आणि ही तर बाबांनी स्वतः कोरलेली.

गेल्या आठवड्यात सरावात ती चिरली. शनिवारी पलीकडच्या गावाशी सामना. इओपूने चिरेत निरफणसाचा चीक भरला, बॅट दगडांखाली दाबली आणि वरून गुंडाळायला काथ्याची दोरी शोधू लागला. नवी दोरी दोन फटक्यांत सैल पडते म्हणे. चुलीच्या धुरात पिकलेलीच हवी. तशी दोरी त्याला सापडली ती स्वतःच्याच घराच्या वाशांना. आमची घरं बिनभिंतींची, बिनखिळ्यांची, सगळी दोरीवर उभी. त्याने एक वासा सोडला, मग शेजारचा. त्याची बायको सिनेवा माझ्याकडे धावत आली. "वन्सं, तुमचा भाऊ घर उसवतोय."

मी पोचले तोवर बॅट बांधून झाली होती. संध्याकाळची प्रार्थना तिथेच केली. स्तोत्र चालू असताना एका बाजूने छप्पर हळूहळू खाली येऊ लागलं. प्रार्थनेतून उठायचं कसं, म्हणून आम्ही गातगातच वाकत गेलो. शेवटी इओपूने बसल्याबसल्या बॅट तुळईखाली उभी केली. छप्पर थांबलं. आमेन झाल्यावर तो म्हणाला, "बघ ताई, चीर हललीसुद्धा नाही."

नवी दोरी वळून व्हायला पुढला आठवडा उजाडणार होता. दुसरा टेकू लावला की तुळई कुरकुरायची, म्हणून बॅट तिथेच राहिली आणि ती दोघं घरात रांगत वावरू लागली.

शनिवारी सकाळी इओपू माझ्या दारात येऊन मांडी घालून बसला. आमच्यात भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. मी नको म्हटलं असतं तर तो निमूट घरी बसला असता, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही.

"ताई, घर की सामना? तूच सांग."

त्याच्या तोंडाकडे बघवेना. म्हटलं, "ने बॅट. तुळई आम्ही बायका धरतो. पण लवकर बाद हो."

आळीतल्या बायकांनी खांदे दिले. मैदानावरून आरोळ्या येत राहिल्या, इओपू काही येईना. सिनेवा म्हणाली, एरवी दुसऱ्या चेंडूला परत येतात, आजच बरं खेळायला सुचलं. माझा खांदा बधिर झाला. मी डोळे मिटून देवाकडे सख्ख्या भावाचा त्रिफळा मागितला. तेवढ्यात मोठा गलका झाला. चेंडू माडांपलीकडे गेला होता.

दुपारी इओपू धावत आला. बाद झाला नव्हता, जेवणाची सुट्टी झाली होती. त्याने बॅट तुळईखाली सरकवली. आम्ही खांदे मोकळे करून त्याच छपराखाली तारोचे उकडलेले कंद आणि मासे खाल्ले. तो चार घास खाऊन थांबला. एकदा बॅटकडे, एकदा माझ्याकडे बघू लागला.

मी हात धुतले आणि दुसरा खांदा तुळईखाली नेला.