दादाला धोका नव्हता

ऑफिसातल्या शिबिरात मी हौसेने रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, तुमचं रक्त वापरता येणार नाही, येऊन भेटा. हिपॅटायटिस बी निघाला होता. मी तेव्हा चाळिशीत होते आणि तक्रार म्हणावी अशी एकही नव्हती.

बातमी नात्यात पसरायला वेळ लागला नाही. त्या वर्षी गणपतीत माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे जेवायला गेलो. सगळ्यांना स्टीलची ताटं आणि मला एकटीला कागदी पत्रावळ. "वन्सं, तेवढंच घासायला नको," वहिनी म्हणाली. तिच्याकडे भांड्यांना बाई होती. एका ताटात जेवलं तरी हा आजार पसरत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. "नसेल हो पसरत. पण कशाला?" या 'पण कशाला'वर अजून कुठल्याही वैद्यकशास्त्राला उत्तर सापडलेलं नाही.

मी लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले. त्यांनी माझं वय, मी बाई आहे ही गोष्ट, रक्तातल्या प्लेटलेट्सचा आकडा असं कॉम्प्युटरमध्ये भरलं.

"पुढच्या काही वर्षांत लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका तुम्हाला कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे," त्या म्हणाल्या. "कोणाला कधी होईल ते मला सांगता येत नाही. कोणावर जास्त लक्ष ठेवायचं, एवढं यातून कळतं. आई कशाने गेल्या तुमच्या?"

"कावीळ पोटात गेली म्हणायचे. पोटात पाणी झालं होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. हा विषाणू बहुधा मला आईकडूनच जन्मताना आला असावा, म्हणून भावंडांनीही तपासून घ्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. मला दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लावून दिली. नवरा आणि मुलगी तपासणीत मोकळे निघाले, त्यांना लस दिली.

दादाचं बुधवार पेठेत विजेच्या सामानाचं दुकान. मी तिथे जाऊन त्याला सांगितलं.

"मला काय झालंय? रोज पर्वती चढतो मी."

"मलाही काही झालं नव्हतं."

"तुझं वेगळं आहे."

"दादा, आई एकच होती आपली."

"आणि कॉम्प्युटर सांगणार होय मला कॅन्सर होणार का ते? भविष्यच बघायचं तर आमचे गुरुजी काय वाईट आहेत?"

गुरुजींनी त्याला ऐंशी पार करून दिली होती. रक्त न काढता. मी पुढेही दोन-चारदा विषय काढला. मग एका लग्नात त्याने चारचौघांत हसून म्हटलं, "हिला आजारी पडायला सोबत हवीय." सगळे हसले. मी तो विषय सोडला.

काही वर्षांनी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनपूर्वी रक्त तपासतात, तिथे गुरुजींचं चालत नाही. हिपॅटायटिस बी होताच, शिवाय प्लेटलेट्स कमी. सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्याला माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बरोबर मीच गेले, कारण वहिनीला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही.

पुरुष, वय साठीच्या पुढे, प्लेटलेट्स कमी. जास्त धोक्याच्या गटात तो पहिल्या झटक्यात बसला.

"अहो, पण मी दारूच्या थेंबाला शिवत नाही," तो म्हणाला. जणू चुकीच्या माणसाच्या नावाने पावती फाडली होती.

सोनोग्राफीत एक डाग दिसला. मग सीटी स्कॅन झालं. लिव्हर आधीच कडक झालेलं आणि त्यात लहानशी गाठ. रिपोर्ट ऐकताना त्याचा हात माझ्या मनगटावर आला आणि तो तसाच घट्ट धरून बसला. त्या क्षणी त्याच्यावर हसावं असं मला वाटलं नाही. घरी आल्यावर मात्र खूप राग आला. गाठीचा नाही, त्या लग्नातल्या हसण्याचा.

गाठ लहान असताना सापडली हे नशीब. आत सुई घालून ती जाळता आली. विषाणू दाबून ठेवायला रोजची एक गोळी सुरू झाली. आता तो बरा आहे, तीन-तीन महिन्यांनी तपासणीला जातो आणि सोसायटीच्या कट्ट्यावर लोकांना लिव्हर शिकवतो. "वेळेवर तपासलं पाहिजे हो," असं तो सगळ्यांना बजावतो. हे त्याला आधी कोणी सांगितलं होतं, याचा त्याच्या व्याख्यानात उल्लेख नसतो.

मागच्या महिन्यात आम्ही सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलो होतो. त्याने विचारलं, "तुझा धोका किती आला?"

"कमी."

"असणारच. तू बाई आहेस."

"जन्मात पहिल्यांदा त्याचा काही उपयोग झाला," मी म्हटलं.

तो हसला नाही. आत नंबर लागला तेव्हा चष्मा आणि फोन त्याने माझ्या हातात दिले आणि पडद्याआड गेला.