आमचे उभे साडू

१९५३ साली मी बत्तीस वर्षांचा होतो आणि त्या साली जव्हार-मोखाड्याच्या अख्ख्या मुलखात माणसाच्या पाठीचा कणा फक्त एकाच माणसाला कळला होता, तो म्हणजे आमच्या साडूंना. असं ते स्वतःच सांगत. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला शिंपी. मला कणा कळायची गरज नव्हती, माझ्याकडे होता.

आम्ही दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या. ते शिकले आणि संस्थानच्या कचेरीत कारकून झाले. मी जव्हारच्या पेठेत शिलाईचं मशीन टाकलं. संस्थान होतं तोवर साडूंची पाठ धडधाकट होती. गादीवर मांडी घालायची, पुढ्यात ते बुटकं उतरतं डेस्क घ्यायचं, मांडी आखडली की पाय पसरायचा, कंटाळा आला की भिंतीला टेकायचं. मग संस्थान विलीन झालं. गाद्या गेल्या, डेस्कं रेकॉर्डच्या खोलीत जाऊन पडली, आणि मोखाड्याच्या कचेरीत टेबल-खुर्च्या आल्या. साडूंची बदली तिथंच झाली. वर्षाच्या आत एके दिवशी ते खुर्चीतून उठले ते अर्धेच उठले. बाकीचं अर्धं वर यायला पुष्कळ दिवस गेले.

दुसरा कोणी असता तर तेल चोळून गप्प राहिला असता. साडूंनी संशोधन सुरू केलं. पहिला खर्च अर्थात माझा. दर रविवारी ते जव्हारला येत, आणि ते गेले की माझ्या दुकानातली दोऱ्याची रिळं कमी भरत. पुढं कळलं की साडू रिळांवरचा दोरा काडीला गुंडाळून ठेवतात, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापतात आणि एक रीळ, एक चकती, एक रीळ, एक चकती अशी सुतळीत ओवतात. हा मणक्यांचा हार ते झोळीत घालून हिंडत. कोणी नुसतं "काय, बरं आहे ना?" म्हटलं की हार बाहेर. "हे बघा, माणूस ताठ आहे. आता पोक काढून बसला. पुढून चकती चेपली, मागून फुगली. दिसतं का? असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चेपून ठेवलं तर ती परत फुगेल कशाला? तुमची ट्यूब फुगते का?" ऐकणाऱ्याकडे बहुधा सायकलही नसे.

जामसरच्या एका म्हातारीला त्यांनी असंच गाठलं. ती भाताची आवणी करत चिखलात दिवसभर वाकलेली. साडू बांधावरून विचारतात, "आजी, पाठ दुखते का?" ती मान वर न करता म्हणाली, "दुखं ना रं. तुजी बसून दुखं, माजी वाकून दुखं. ये, तू माजी आवणी कर, मी तुजे खुर्चीत बसतें." साडू खरंच धोतर खोचून उतरले. त्यांनी लावलेली रोपं म्हातारीनं नंतर उपटून पुन्हा लावली म्हणतात. पण आवणीतली माणसं मधेमधे सरळ होऊन कमरेवर हात ठेवतात, हा मोठा शोध घेऊनच ते घरी आले. "माणूस बसला म्हणून बिघडत नाही, साडू. उठायला विसरला म्हणून बिघडतो."

एका लग्नात तर कहर झाला. पंगत बसली होती, जिलेबीचा आग्रह चालला होता, आणि आमचे साडू पंगतीच्या मागून एकेकाच्या पाठीवरून आंगठा फिरवत चालले. कोण किती पोक काढतो ते बघत होते. व्याह्यांच्या कमरेत त्यांनी नेमका दुखरा मणका गाठला. व्याही ओरडले, हातातली जिलेबी उडून विहीणबाईंच्या पदरात पडली. साडू खूश. म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं, खालून चौथा!"

माझ्या पाठीवर तर त्यांचा डोळाच होता. मशीनवर मी सकाळी बसलो की दिवे लागेपर्यंत बसणारा. ते रविवारी येत आणि कात्री उचलून लांबच्या फळीवर नेऊन ठेवत, म्हणजे मला उठावं लागे. मी शिव्या घालत उठे. माझी पाठ दुखत नव्हती. कधीमधी उठताना मशीनला धरत असेन, पण ते मशीन हलू नये म्हणून.

कचेरीत त्यांनी हाच कारभार चालवला. दौत खिडकीत, शिक्क्याची गादी रेकॉर्डच्या खोलीत, टिपकागद दाराशी. एका नकलेसाठी साडूंची कचेरीला प्रदक्षिणा होई. बाहेर उकिडवी बसलेली माणसं म्हणत, "हा भाऊ कामाला लागला, आता जेवून येऊ." मग त्यांना सगळ्यात मोठी युक्ती सुचली. रेकॉर्डच्या खोलीतलं जुनं डेस्क त्यांनी आणलं आणि टेबलावर ठेवलं. उंची बरोब्बर छातीला आली. नव्या सरकारचं टेबल, त्यावर जुन्या संस्थानचं डेस्क, आणि त्यापुढे उभे राहून लिहिणारे आमचे साडू.

कचेरीचे मुख्य महालकरी बाहेरून आलेले, स्थूल आणि संशयी. त्यांना पाठ दिसलीच नाही, भलतंच दिसलं. "राजाचं डेस्क सरकारच्या डोक्यावर चढवता? वर त्याच्यापुढे उभे राहता, दरबारात राहिल्यासारखे?" साडूंनी हार काढला. महालकरी आणखी भडकले. प्रांतसाहेब तपासणीला येणार होते. त्या दिवशी कारकून खुर्चीत बसलेला दिसला नाही तर त्याला सक्तीनं घरी पाठवायची शिफारस करीन, असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं.

मेहुणी रडत जव्हारला आली. "भाऊजी, पोरं लहान आहेत हो. एक दिवस बसा म्हणावं, खुर्ची काय चावते?" मी मोखाड्याला गेलो. साडू म्हणाले, "एक दिवस बसायला माझी हरकत नाही. पण धमकी देऊन बसवत असतील तर नाही बसणार." मीही बसलो नसतो. मेहुणीला मात्र मी सांगितलं की खूप समजावलं.

साडू डेस्कही हलवू देईनात, तेव्हा शेवटी महालकऱ्यांनीच तोड काढली. टेबल आणि डेस्क दोन्ही झाकेल असा हिरव्या कापडाचा अभ्रा मला शिवायला सांगितला. तपासणीच्या सकाळी मी तो घेऊन गेलो, घातला, आणि बघू काय होतं म्हणून दाराशी थांबलो. साडूंच्या शेजारी खुर्ची होती. ते उभे होते.

प्रांतसाहेब जीपनं घाट चढून आले. महालकऱ्यांनी गादीची खुर्ची पुढे केली. साहेबांनी कमरेला हात लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "राहू द्या." झालं. साहेब उभे असताना बसायचं नाही, ही रीत संस्थानात होती तशी स्वराज्यातही होती. कारकून उभे, तलाठी उभे, शिपाई उभे, बाहेर उकिडवे बसलेलेसुद्धा उभे. बराच वेळ गेला. महालकरी या पायावरून त्या पायावर डुलायला लागले. कागद ठेवायला जागा शोधत साहेब त्या हिरव्या ढिगाऱ्याशी आले, कोपरं टेकली, आणि त्यांच्या तोंडून "हाश्श!" असा आवाज आला. त्यांनी अभ्रा ओढला. "हे कुणी केलं?"

महालकरी म्हणाले, "साहेब, हा जुना संस्थानी माणूस, मी याला कितीदा..."

तोवर हार बाहेर आला होता. साहेबांनी तो हातात घेतला, वाकवला, सरळ केला, परत वाकवला. सगळी तपासणी त्यांनी त्या डेस्कावर उभ्यानं उरकली. जाताना म्हणाले, "यांना ठाण्याला आमच्या कचेरीत पाठवा." महालकऱ्यांनी एवढ्या तत्परतेनं कधी हुकूम पाळला नसेल.

नोकरी वाचली. मेहुणीनं देवाला नारळ वाढवला आणि मग पुन्हा रडली, कारण ठाणं फार लांब. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळी आमच्याकडे मुक्कामाला आली. जेवताना साडूंनी मागून माझ्या कमरेत आंगठा दाबला. मी ओरडलो. आमटी फार कढत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. साडू हळूच म्हणाले, "मी गेल्यावर तुम्हाला उठवणार कोण?"

"माझे मला पाय आहेत," मी म्हटलं. "आणि सकाळी मोटारीपर्यंत यायला मला वेळ नाही. गिऱ्हाईक यायचंय."

सकाळी मी त्यांच्या आधी स्टँडवर होतो. मोटार निम्मी रिकामी होती. मेहुणी आणि पोरं खिडकीशी बसली, साडू दांडी धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "अहो बसा ना, जागा आहे." साडू म्हणाले, "तुम्ही बसा. मला कंबर आहे." मी वर चढलो, वाटेतल्या विक्रमगडचं तिकीट काढलं आणि त्यांच्या शेजारी दांडी धरून उभा राहिलो.