डावी बाही

फोन आला तेव्हा मी दादरला एका छोट्या दुकानात हूक विकत घेत होते. ब्लाउजचे हूक. दुकानदाराने चार प्रकारची पाकिटं समोर टाकली होती आणि त्यातले गंज न धरणारे कुठले, यावर आमची हुज्जत चालली होती. फोन दिलीपचा, माझ्या मावसभावाचा. "ताई, आई गेली गं. चहा घेतला, पडते म्हणाली... आणि गेली." मी "येते" म्हटलं, हुकांचं पाकीट मुठीत धरलं आणि टॅक्सीला हात केला. लोकांना सांगायला जरा संकोच वाटतो, पण टॅक्सीत बसल्यावर रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. आजारपण न काढता गेली म्हणून नव्हे, ते तर होतंच. तिचं आणि माझं अठ्ठावीस वर्षं अडकून पडलेलं एक काम तीन आठवड्यांपूर्वीच पार पडलं होतं, म्हणून. ते राहून गेलं असतं तर हा लेख मी लिहूच शकले नसते.

इंदूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आम्ही ठाकूरद्वारला, ती लग्नानंतर परळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली खोली. काका गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि मावशीचं शिलाई मशीन गॅलरीतल्या खिडकीपाशी आलं, ते तिथेच राहिलं. ती फक्त ब्लाउज शिवायची. फ्रॉक, परकर, उशीचे अभ्रे असलं काही घेऊन गेलं की "ता माका जमत नाय" म्हणून परत पाठवायची. पण ब्लाउज असा शिवायची की बाई आरशासमोरून हलायची नाही. चाळीतल्या, शेजारच्या इमारतींतल्या, लालबागच्या, थेट वरळी कोळीवाड्यातल्यासुद्धा बायका तिच्याकडे यायच्या. आणि प्रत्येक नवीन बाईला जुन्या बायका जिन्यातच ताकीद द्यायच्या : ब्लाउज घाल, आरशात बघ, खूश हो, पण तोंडाने काही बोलू नकोस. खाली उतर आणि घरी जा.

कारण कौतुकाचा एक शब्द काढला की मावशीचं सुरू व्हायचं. आधी "माझा काय गो त्यात, कापडच बरा होता." इथवर ठीक. पण समोरची अडून बसली, "नाही हो इंदूताई, तुमच्या हातातच काहीतरी आहे" वगैरे म्हणाली, की मावशी चष्मा वर सरकवायची, त्या बाईला खांद्याला धरून उजेडाकडे फिरवायची आणि ब्लाउजमधली खोट दाखवायची. मुंढ्याजवळ एक चुणी आहे. गळा उजवीकडे दोन दोरे खाली गेलाय. तोवर जी गोष्ट जगात कुणालाच दिसली नव्हती, ती त्या बाईला जन्मभर दिसत राहायची.

मी त्या बायांपैकी एक. माझ्या लग्नाचा शालू अंजिरी रंगाचा, ब्लाउज अर्थात मावशीचा. दादरच्या हॉलमधल्या खोलीत मी तो चढवला, आरशात पाहिलं आणि मावशीच्या गळ्यातच पडले. म्हटलं, "मावशी, आयुष्यात इतकी छान मी कधीच दिसले नव्हते." मावशीचे डोळे भरून आले होते, हे मी शपथेवर सांगते. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला... आणि म्हणाली, "डाव्या बाहीचो काठ एक दोरो वर गेलो हा. माका काल दिसला, पण उसवूक वेळ नव्हतो."

झालं. बाहेर सनई वाजतेय आणि नवरी डाव्या बाहीकडे बघतेय. फोटोग्राफर ओरडून दमला, "वहिनी, हात खाली घ्या." माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत माझी डावी बाही धड दिसत नाही. कुठे पदर ओढलाय, कुठे हार पुढे घेतलाय, कुठे सरळ नवऱ्याच्या आड उभी आहे. माझ्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की मुलीच्या हातात काही व्यंग आहे आणि आमच्याकडच्यांनी ते लपवलंय.

हे फक्त ब्लाउजपुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण मायेचंही तेच. साडी आणली की "कशाक गो?" आणि पुढच्या महिन्यात ती साडी दुसऱ्याच कुणाच्या अंगावर. वाढदिवसाला औक्षण करायला घ्यावं तर ही स्वयंपाकघरात चहा टाकायला पळणार. आम्ही ताट घेऊन उभ्या आणि आत भांड्यांचा आवाज. सगळे म्हणायचे, काय हो साधी बाई, गर्वाचा वारा नाही. मीही तसंच म्हणत असे. चाळ रिकामी करायची वेळ येईपर्यंत.

चाळीच्या जागी टॉवर होणार होता. घरं सोडण्याआधी बायकांनी अंगणात निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि कुणाच्या तरी डोक्यातून सुंदर कल्पना निघाली : सगळ्यांनी इंदूताईंनी शिवलेला ब्लाउज घालून यायचं. चाळीसेक बायका आल्या. कुणाचा तीस वर्षांपूर्वीचा, शिवणी उसवून उसवून बसवलेला, कुणाचा गेल्या वर्षीचा. नलिनीनेही घातला होता. नलिनी शेजारच्या इमारतीतली, मावशीच्या दिलीपबरोबर शाळेत होती. तिची आई फार लवकर गेली. आईच्या लग्नातली पांढरी साडी, बौद्ध लग्नातली असते तशी, तिच्या घड्या विरल्या तेव्हा त्यातला निळ्या काठाचा धड राहिलेला भाग घेऊन नलिनी मावशीकडे गेली होती आणि मावशीने त्यातून ब्लाउज काढला होता. नोकरीचा पहिला दिवस, स्वतःच्या मुलीचं बारसं, अशाच दिवशी ती तो घालायची.

मावशीला खुर्चीवर बसवलं, गजरा माळला, माईक हातात दिला. मावशी घाबरली. आणि मग तिने एकेकीकडे बोट दाखवून सुरू केलं. सरोजचा गळा मोठा झालाय. पाटकरीणबाईंचे टक्स चुकलेत. बायका हसून लोटपोट झाल्या, मीही हसले. मग बोट नलिनीकडे गेलं. "तो मी घायेत शिवलंय. पाठ फसली हा त्याची, वाया गेला कापड."

नलिनी हसली नाही. तिने पदर घेतला आणि दोन्ही खांद्यांवरून पाठ झाकून घेतली. पुढचा सगळा कार्यक्रम ती तशीच बसली होती.

माझी जीभ आमच्या घराण्यात कुप्रसिद्ध आहे आणि त्या दिवशी मी तिला आवरलं नाही. वर खोलीत गेल्या गेल्या दार लोटून घेतलं. म्हटलं, "मावशी, याला साधेपणा नाही म्हणत. तिने आईची आठवण अंगावर घातली होती आणि तू चाळीस जणींसमोर ती फसलीय म्हणालीस. आणि मी? अठ्ठावीस वर्षं मला माझ्या लग्नात डावी बाही सोडून दुसरं काही दिसत नाही! लोक तुला काहीतरी द्यायला येतात आणि तू त्यांच्या हातातलं खाली पाडतेस."

मावशी खाटेच्या कडेवर बसली. गजरा सोडवून मांडीवर ठेवला. मग तिने कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नाआधी गिरगावात एका दुकानात ती शिवण शिकायला जायची. तिथला म्हातारा मास्तर गिऱ्हाइकाच्या देखत कपडा उलटा करून चूक दाखवायचा आणि फेकायचा. सोळा वर्षांची पोर, दुकान माणसांनी भरलेलं. "तेव्हाच ठरवलंय," मावशी म्हणाली, "लोकांनी काढूच्या आधी खोट आपणच काढलेली बरी. कमी लागता."

म्हणजे नम्रता वगैरे काही नव्हतं. ती भीती होती, आणि आम्ही सगळे तिचे गोडवे गात होतो. माझा राग तिथेच उतरला. मावशीने विचारलं, "मगे काय म्हणू मी?"

"काही नको म्हणूस. 'बरं वाटलं' म्हण. बस."

"आणि खोट?"

"खोट गिळ."

एखादी नवी फॅशन शिकावी तसं तिने हे शिकायला घेतलं. पहिले काही दिवस बघण्यासारखे होते. कुणी काही चांगलं बोललं की एरंडेल घेतल्यासारखा चेहरा व्हायचा, हातातला टेप बोटाला करकचून गुंडाळला जायचा आणि कसेबसे दोन शब्द बाहेर पडायचे : "बरा वाटला." दिलीपने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फोन करून विचारलं, आईला डॉक्टरकडे न्यायचं का?

एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "नलिनीकडे जावया." नलिनी आता शिवडीला राहायला गेली होती. लिफ्ट बंद, तीन मजले चढायचे, मावशी प्रत्येक वळणावर टेकत होती. नलिनीने दार उघडलं. मावशीने वाटेत माफीचं काय काय घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. "तो ब्लाउज अजून आसा मां गो?" एवढंच म्हणाली. नलिनी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात तो होता. म्हणाली, "मावशी, त्या दिवसानंतर घातलाच नव्हता. पण खरं सांगू? माझ्या आईला हा फार आवडला असता."

मावशीची नजर लगेच पाठीकडे निघाली, सवयच ती. मी तिचा हात दाबला. पण गरज नव्हती. ती नलिनीकडे बघत म्हणाली, "होय गो. बरो झालो हा तो. मीच शिवलंय." नलिनीने तिला मिठी मारली आणि मावशी ताठ न होता, चहा टाकायला न पळता, त्या मिठीत नुसती उभी राहिली. मग आम्ही साबुदाणा वडे खाल्ले. मावशीने तिसरा मागून घेतला.

शेवटची भेट ती जायच्या तीन आठवडे आधीची. मला तिने नव्या भाड्याच्या घरी लग्नाचा ब्लाउज घेऊन बोलावलं होतं. नलिनीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यात मी तो घालायचा, असा हुकूम होता. मी म्हटलं, आता त्यात माझा एक हात मावेल. तिने आत दाबून ठेवलेलं कापड दाखवलं, दोन्ही बाजू उसवल्या आणि नव्याने शिवून दिल्या. हूक गंजले होते, ते तेवढे बदल म्हणाली. मी घालून उभी राहिले. डाव्या बाहीबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही.

मग म्हणाली, "तू माका ह्या शिकवलंस, नायतर माका कधी जमला नसता. लोकांनी इतक्या दिला, आता कुठे हातात घेतलंय. तुझे उपकार आसत गो."

आणि मी, जगाला शहाणपण शिकवणारी मी, ताबडतोब म्हणाले, "काहीतरीच काय मावशी! मी कसले उपकार केले? उलट त्या दिवशी मी किती वाईट बोलले तुला..."

मावशीने चष्मा वर सरकवला. "खोट गिळ," ती म्हणाली.

आम्ही दोघी एवढ्या हसलो की दिलीप आतून बघायला आला. हसू ओसरल्यावर मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बरं वाटलं, मावशी." खरंच खूप बरं वाटलं होतं.

हूक मी तिच्या दिवसांनंतर स्वतः लावले. वाकडेतिकडे लागलेत. गेल्या रविवारी परळच्या एका हॉलमध्ये नलिनीच्या मुलीचं लग्न झालं. नलिनी पांढऱ्या, निळ्या काठाच्या ब्लाउजमध्ये, मी अंजिरी. पाहुण्यांच्या गर्दीतून तिने मला बघितलं, जवळ आली आणि म्हणाली, "काय सुरेख बसलाय गं तुला!"

माझा उजवा हात डाव्या बाहीकडे निघालाच होता. मी तो अर्ध्यातून परत घेतला आणि म्हटलं, "बरं वाटलं ऐकून. माझ्या मावशीने शिवलाय." तेवढ्यात फोटोग्राफरने हाक मारली आणि मी नलिनीच्या शेजारी, डावी बाही समोरून पूर्ण दिसेल असा हात तिच्या खांद्यावर ठेवून, उभी राहिले.