हरभऱ्याचे शेंडे

ज्ञानदेव आप्पांनी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या वर्षांत जगातली निम्मी माणसं चोर ठरवून टाकली. उरलेली निम्मी, त्यांच्या मते, अजून सापडायची होती. शिफ्ट सुटली की गेटवर रांग लागायची. कामगारानं पिशवी उघडायची, डब्याचं झाकण काढायचं आणि आप्पांनी आत डोकावायचं. एकदा एकानं भाकरीच्या चळतीत तांब्याची तार दडवली होती. ती आप्पांनी बरोबर पकडली, साहेबांनी पाठ थोपटली आणि तेव्हापासून आप्पांना साधी भाकरीही सरळ मनानं खाता येईना. सख्ख्या मेव्हण्याचाही डबा त्यांनी चारचौघांत उघडायला लावला. मेव्हणा पुढं दोन वर्षं घराची पायरी चढला नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी, असं आप्पा म्हणायचे, आणि म्हणताना छाती जरा फुगायची.

नोकरीतून रिटायर झाले, पण नजर काही रिटायर झाली नाही. दूधवाल्याच्या मापाकडं ते तशाच नजरेनं बघायचे. पाहुणा पिशवी घेऊन निघाला की यांचे डोळे पिशवीला चिकटून फाटकापर्यंत जायचे. सोजरबाई, त्यांची बायको, कपाळाला हात लावायची. मुलगा धम्मदीप पुण्याला नोकरीला होता, म्हणून सुटला होता.

घरामागं दीड गुंठ्याची बाग होती, तिच्यापलीकडं बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडं नुसतं माळरान. बाग सोजरबाईची. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, आणि थंडीत चार सरी हरभरा. यंदा दसऱ्यानंतर ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुढच्या खोलीतल्या खाटेवरून उठायचं तिच्या जिवावर यायचं. व्यायाम नको, वॉकर नको. मग डॉक्टरांनी दटावलं, तेव्हा तिनंच एक दिवस ठरवलं.

"घाटं भरलं की मी माझ्या पायानं मागं जाणार," ती म्हणाली. "माझ्या हातानं डहाळं उपटणार आन् ओल्या हरभऱ्याचा हावळा भाजणार. तवर तुम्ही तेवढा हरभरा राखा."

त्या दिवसापासून ती वॉकर धरून रोज दहा पावलं टाकू लागली. रोज विचारायची, "हरभरा कसा हाय?" आप्पा सांगायचे, "झ्याक हाय." हरभरा राहिला तर बाई उठणार, हे आप्पांना कळून चुकलं होतं. त्यांनी गेटवर केली नसेल अशी राखण सुरू केली.

आणि डिसेंबरात एका सकाळी दोन सरींचे शेंडे गायब झाले.

आप्पा उकिडवे बसले. हिवाळ्यात भाजीसाठी हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायची चाल घरोघर आहे, आणि हे शेंडे अगदी तसेच वरच्यावर गेलेले होते. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"हरणं आली आसतील," सोजरबाई म्हणाली. "माळावर कळप फिरतोय म्हणत्यात."

"हरणाला काय नखं हायती? खुडलाय त्यो. भाजी केलीया कुणीतरी."

"सगळं काय माणसंच करत्यात व्हय वो?" तिनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बोट केलं. त्यावर धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना दोन हरणं बसलेली होती. "ती बघा, बुद्धाजवळ बसायला बी आली व्हती. खायला न्हाई येणार?"

आप्पांना ते पटलं नाही. आधी त्यांनी शेजारच्या शंकररावांवर संशय घेतला आणि त्यांच्या घरावरून जाताना कोणती भाजी शिजतेय याचा वास घेतला. मेथी होती. मग रस्त्याच्या कामावरचे मजूर झाले. शेवटी आप्पांनी गोडाऊनची जुनी युक्ती काढली. गोडाऊनच्या दाराला ते रात्रपाळीत काळा दोरा बांधायचे, म्हणजे कोणी आत गेलं तर सकाळी कळायचं. काट्यांच्या कुंपणात एका ठिकाणी माणूस वाकून येईल एवढी फट पडली होती. तिथं त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरा ताणला. हरीण असेल तर कुंपणावरून उडी मारेल, दोरा शाबूत राहील. माणूस असेल तर फटीतून येईल, दोरा तुटेल. हिशोब चोख होता.

सकाळी दोरा तुटलेला!

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच आप्पा न्हाणीच्या आडोशाला पालथ्या बादलीवर बसले. गार वारा कानात शिरत होता. झुंजुमुंजू झालं तशी फटीतून एक बाई वाकून आत आली. हातात रेग्झिनची पिशवी. ती हरभऱ्याच्या कडेकडेनं चालली, थांबली, वाकली, पुन्हा चालली. चारदा वाकली. आप्पांनी मोजलं. ती परत फिरली तेव्हा त्यांना तोंड दिसलं.

सुलतानबी! पलीकडच्या आळीतली, तीस वर्षांपासून सोजरबाईची जिवाभावाची मैत्रीण. आप्पांना वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी आनंद झाला. सापडलं होतं ना कोणीतरी.

"थांबा!" गेटवरचा तो आवाज तीन वर्षांनी बाहेर पडला. "पिशवी दाखवा."

सुलतानबी दचकली. "काय म्हणलात भाऊ?"

"पिशवी उघडा, भाभी. झडती द्या."

पासष्ट वर्षांच्या त्या बाईनं पिशवी उलटी केली. आप्पांच्या पायांवर केस पडले. काळे, पांढरे, मेंदीनं लाल झालेले, माणसांचे केस. दवानं ओल्या झालेल्या त्यांच्या पावलांना ते चिकटले.

"सोहेबच्या सलूनमधले हायती," ती म्हणाली. सोहेब तिचा मुलगा. "माणसाच्या वासाला हरीण बिचकतं." एवढं बोलून ती फटीतून निघून गेली. रिकामी पिशवीही तिनं उचलली नाही.

आप्पा घरात आले तेव्हा सोजरबाई जागी होती. मागं बागेत झालेलं सगळं तिनं ऐकलं होतं.

"मीच सांगितलं व्हतं तिला," ती म्हणाली. "तुम्हाला हरणं पटत न्हवती, म्हणून चोरून यायला लावलं. दवाखान्यात माझं अंग कुणी पुसलं ठावं हाय का? तुम्ही तवा भायेर वॉचमनबरोबर गप्पा हानत व्हता." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

त्या दिवशी ती वॉकरला शिवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हरभऱ्याचं विचारणंही बंद झालं. आप्पांनी चहा केला, तो पेल्यात निवून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पांनी हरणं पाहिली. तीन होती. एक मादी, तिच्यामागं दोन लहानगी. उडी वगैरे काही नाही, मान खाली घालून त्याच फटीतून सावकाश आत आली आणि घरचंच असल्यासारखी शेंडे खुडू लागली. आप्पांनी टाळ्या वाजवल्या तशी आली त्याच वाटेनं गेली. चारातल्या दोनच सरी धड उरल्या होत्या. आप्पांना आपलीच लाज वाटली, आणि चूक कुणापुढं कबूल करायची तेही त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ते सुलतानबीच्या घरी गेले. तिनं खुर्ची दिली, चहा दिला. आप्पांनी मान खाली घालून सांगितलं, "चुकलो, भाभी. सोजर उठंना झालीय. तुम्ही या."

"सोजरसाठी येईन की," ती म्हणाली. "तिनं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पण मागच्या फटीतून नाही. पुढच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आप्पा लगबगीनं गेले, फाटक सताड उघडलं. ती हलली नाही. नवी पिशवी दोन्ही हातांनी फाकवून तिनं त्यांच्यापुढं धरली.

"बघा भाऊ."

"अवो भाभी, काय हे? आत या की."

"आधी बघा."

आवाजात राग नव्हता, हेच आप्पांना जास्त झोंबलं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, हात जोडले. ती तशीच उभी. शेवटी आप्पांनी वाकून पिशवीतले केस बघितले. मग ती आत गेली. जाताना पुन्हा तेच. पिशवी रिकामी आहे, हे दाखवून मगच बाहेर पडली.

त्याला आता महिना झाला; येताजाता पिशवी दाखवणं रोज तसंच चालू आहे. फुटवे फुटून हरभरा सावरला, घाटे धरले, हरणं फिरकली नाहीत. सोजरबाई वॉकरवरून काठीवर आली. परवा ती सुलतानबीच्या खांद्याला धरून मागं गेली आणि दोघींनी काटक्या पेटवून डहाळे भाजले. भाजल्या हरभऱ्याचा वास पुढं फाटकापर्यंत आला. दोघी कशाला तरी खूप हसत होत्या. सोजरबाईनं मोठ्यांदा हाक मारली, "अवो, या की हावळा खायला!"

"आलो, आलो," आप्पा म्हणाले आणि फाटकाशीच उभे राहिले. सुलतानबी निघेल तेव्हा पिशवी बघायला तिथं कोणीतरी लागणार होतं.